ताकद वाढवायची की दम? आठवड्यात आठ वेळा घाम गाळतोय, दोन्ही जागच्या जागी (नागपूर)

वर्धारोडकर | ९ मार्च, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. वय ३७, वजन ८२ किलो, नोकरी मिहानमध्ये, घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. चार वर्षांपासून क्रॉसफिट पद्धतीच्या (वजनं, उड्या, धावणं सगळं मिसळून) बॉक्समध्ये, म्हणजे जिममध्ये, जातो. मोठा खेळाडू व्हायचं नाही, पण वर्षातून एक-दोन स्पर्धांत उतरायचं आणि लाज वाटणार नाही असं करायचं, एवढी इच्छा मनापासून आहे.

माझा आठवडा असा: सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ चा क्लास, त्यात रोज घड्याळ लावून काही ना काही धाप लागणारं. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी एकट्यानं बारबेल, म्हणजे लोखंडी दांड्याला वजनं लावून. रविवारी ग्रुपबरोबर अंबाझरी ते फुटाळा असं फिरून १० किमी. म्हणजे आठ वेळा.

आता हिशेब. बॅक स्क्वॉट (मानेमागे खांद्यांवर बार घेऊन बैठक) १४ महिन्यांपासून ११५ किलोवर अडकलाय. ५ किमी आधी २७:४० मध्ये व्हायचे, आता २८:३०. सकाळी उठल्यावरची नाडी ५८ होती, ती ६६ झाली. जानेवारीतल्या स्पर्धेत डेडलिफ्टच्या (जमिनीवरून बार उचलण्याच्या) फेरीत १५० किलोला पाठ गोल झाली, सोडून दिला. त्यानंतरच्या फेरीत रोईंग (वल्हवायचं मशीन) आणि बर्पी (जमिनीवर आडवं पडून उठून उडी) होत्या, तिथे अर्ध्यातच गुडघ्यावर हात टेकून उभा राहिलो. ताकदवाल्यांत कमी पडलो, दमवाल्यांतही.

डिसेंबरात पुन्हा उतरायचंय. अजून काय वाढवू? संध्याकाळचा आणखी एक दिवस काढता येईल.

लोखंडप्रेमी | ९ मार्च, रात्री १०:४८

भाऊ, कार्डिओ पूर्ण बंद करा. धावणं स्नायू खातं. सहा महिने फक्त स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच. मग बघा.

फुटाळा_पहाट | ९ मार्च, रात्री ११:०५

बंद करून कसं चालेल? त्यांच्या स्पर्धेत अर्धे गुण दमाचेच असतात. मी तर तीन वर्षं क्लासला जातोय, दोन्ही वाढतंय माझं.

शाळेतली_मॅडम | १० मार्च, सकाळी ५:१०

झोप किती होते दादा तुमची? ते लिहिलंच नाही.

वर्धारोडकर | १० मार्च, दुपारी १:३०

ताई, साडेपाच तास. कधी सहा. मुलगी उशिरा झोपते आणि मला पाचला उठावं लागतं.

मैदानकर | १० मार्च, रात्री ९:१५

मी गेली अकरा वर्षं शिकवतो, आधी मैदानावर मुलांना अ‍ॅथलेटिक्स, आता नोकरदार माणसांना. तुमची पोस्ट तीनदा वाचली, कारण तुमच्यासारखे दहा जण माझ्याकडे दरवर्षी येतात आणि प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो: अजून काय वाढवू. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी "धावणं स्नायू खातं" याबद्दल. ही समजूत कुठून आली ते कळलं की तिच्यातलं खरं किती तेही कळतं. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकानं तीन गट घेतले. पहिला फक्त ताकदीचा, आठवड्यात ५ दिवस. दुसरा फक्त दमाचा, ६ दिवस, रोज ४० मिनिटं. तिसऱ्यानं दोन्ही केलं, म्हणजे आठवड्यात अकरा वेळा. दहा आठवडे हे चाललं. तिसऱ्या गटाची ताकद सहा-सात आठवडे पहिल्या गटासारखीच वाढली, मग थांबली आणि शेवटी शेवटी उतरू लागली. दम मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला. म्हणजे दमाच्या मेहनतीनं ताकद अडते, उलट तितकंसं होत नाही. पण लक्षात घ्या, अडली ती अकरा वेळांच्या मेहनतीवर आणि तीही पहिल्या दिवसापासून नाही.

फुटाळा_पहाट, तुमचं दोन्ही वाढतंय यावर माझा पूर्ण विश्वास आहे. नव्या माणसाचं पहिली दोन-तीन वर्षं सगळंच वाढतं. शरीर जुनं झालं, सवयीचं झालं की मग दोघांचं भांडण सुरू होतं.

आता जे कोणी सांगत नाही ते. याच हिक्सननं पुढच्या वर्षांत उलटा प्रश्न विचारला: कमावलेला दम टिकवायला किती लागतं? १९८१ मध्ये त्यानं आठवड्याचे सहा दिवस कमी करून चार केले, काहींचे दोनच केले. पंधरा आठवड्यांनंतरही दम जवळपास होता तिथेच. पुढे ४० मिनिटांची २६ केली, १३ केली, तरी ऑक्सिजन वापरण्याची क्षमता टिकली. पण १९८५ मध्ये जोर कमी करून पाहिला, दिवस आणि वेळ तेवढाच ठेवून नुसतं हळू केलं, तेव्हा दम उतरला. ताकदीचंही असंच दिसतं. २०११ च्या एका अभ्यासात सोळा आठवड्यांत कमावलेली ताकद पुढे एक तृतीयांश मेहनतीवर ३२ आठवडे टिकली.

म्हणजे एखादी गोष्ट वाढवायला खूप लागतं, पण टिकवायला फार थोडं लागतं. दिवस कमी करा, वेळ कमी करा, फक्त जोर कमी करू नका. तुम्ही वर्षभर दोन्ही वाढवायला जाताय आणि त्यातलं एकही वाढवण्याइतका आराम शरीराला मिळत नाही. एकाला वाढवा, दुसऱ्याला तेवढ्या महिन्यांपुरतं सांभाळा. मग अदलाबदल.

आणि ही अदलाबदल कधी करायची हे ठरवायला नागपूरकराला पुस्तक उघडायची गरज नाही. आपला उन्हाळाच ते ठरवून देतो. मार्च ते जून बाहेर धावून वेळ सुधारणं जवळपास अशक्य. ते चार महिने लोखंडाचे. ऑक्टोबर ते जानेवारी पहाटेची हवा धावण्यासाठी देशात शोधून सापडणार नाही अशी असते, ते महिने दमाचे. तुमची स्पर्धा डिसेंबरात आहे, म्हणजे कॅलेंडर तुमच्या बाजूनं आहे. तुम्ही मात्र मे महिन्यात १० किमी पळता आणि नोव्हेंबरात छताखाली स्क्वॉट करता.

आज इतकंच. आठवडा कसा मांडायचा ते उद्या लिहितो.

लोखंडप्रेमी | १० मार्च, रात्री ९:४०

सर, मी कालचं वाक्य मागे घेतो. टिकवण्याचं हे मला माहीत नव्हतं. पण मग आठवड्यात एकच दिवस दम पुरतो का?

भरतीचा_मास्तर | १० मार्च, रात्री ११:३०

राजेहो, मी हिंगण्याकडे पोरांले पोलीस भरतीची तयारी करून देतो. आमच्याकडे हा ताकद-दमाचा प्रश्न रोजचाच हाये. पोराले १६०० मीटर पळायचं, १०० मीटर पळायचं आन ७.२६० किलोचा गोळाही फेकायचा. पोरींले ८०० मीटर, १०० मीटर आन ४ किलोचा गोळा. सगळं मिळून ५० मार्क. एकात मागं राहिला का गेला.

आधी आमचे पोट्टे रोज सकाळी १६०० घड्याळ लावून पळत. रोज. कोणाचा टाइम दोन महिने सेकंदानंही उतरत नव्हता आन गोळा तर उलटा कमी जाऊन राहिला होता. मंग मी घड्याळ फक्त शनिवारी हातात घ्यायचं ठरवलं. दोन दिवस ४०० मीटरचे तुकडे, मधात पूर्ण आराम. दोन दिवस बोलत बोलत हळू पळणं. गोळा आन बैठका अशा दिवशी जेव्हा पाय ताजे असते. पोरं रागावली, म्हणे मास्तर आळशी करून राह्यले. पण टाइम उतरले. गोळाही पुढं गेला.

वर्धारोडकर भाऊ, तुमी रोज परीक्षा देऊन राह्यले. अभ्यास कधी करता?

वर्धारोडकर | ११ मार्च, सकाळी ७:५०

मास्तर, हे वाक्य लिहून फ्रीजवर लावलंय. आज क्लासला गेलो नाही. चार वर्षांत पहिल्यांदा ताप नसताना सुट्टी घेतली.

मैदानकर | ११ मार्च, रात्री ९:३०

मास्तरांनी माझं अर्धं काम केलं.

तुमच्या आठ वेळांमधली खरी अडचण आकडा नाही. आठही वेळा मधल्याच जोराच्या आहेत. क्लासमध्ये धाप लागते, पण जीव ओतावा इतकी नाही, कारण उद्या परत यायचंय. बारबेलला जाता तेव्हा पाय सकाळच्या उड्यांनी भरलेले. रविवारी ग्रुपबरोबर बोलता येणार नाही इतक्या वेगात १० किमी. ताकद वाढेल इतकं जड काहीच नाही आणि शरीर सावरेल इतकं हलकंही काहीच नाही.

जूनअखेरपर्यंत असं करा. तीन दिवस ताकद: सोमवारी बॅक स्क्वॉट आणि डोक्यावर दाबायचा व्यायाम, बुधवारी डेडलिफ्ट आणि वजन बांधून पुलअप, शुक्रवारी फ्रंट स्क्वॉट (बार छातीपुढे धरून बैठक) आणि पॉवर क्लीन (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यांवर घेणं). मुख्य व्यायामाचे चार-पाच सेट, प्रत्येक सेटमध्ये तीन ते पाच रेप (म्हणजे सलग तितक्या वेळा), दर वेळी एक-दोन रेप शिल्लक ठेवूनच बार रॅकवर ठेवायचा. दोन सेटमध्ये तीन मिनिटं थांबायचं. क्लासची सवय असलेल्याला हे तीन मिनिटं बसणं सगळ्यात अवघड जातं, पण तिथेच ताकद येते. त्या दिवशी शेवटी दम करायचाच असेल तर दहा मिनिटं, तेही ताकदीनंतर, आधी नाही.

शनिवारी एकदाच पूर्ण जोर: रोईंगवर चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असे चार वेळा. लोखंडप्रेमी, हो, टिकवायला हा एक दिवस आणि सोबत एक हलका दिवस पुरतो. तो हलका मंगळवारी किंवा गुरुवारी ४० मिनिटं, सायकल किंवा रोईंग. धावण्यापेक्षा सायकल बरी, कारण पायांना आपटणं नसतं. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ताकदीला अडसर धावण्याचा जास्त निघाला, सायकलचा कमी.

"हलका" म्हणजे किती? २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. ही अंदाजे जास्तीत जास्त नाडी, तुमची साधारण १८२ येते. त्याच्या ७० टक्के म्हणजे १२७ च्या आसपास नाडी. घड्याळ नसेल तर पूर्ण वाक्य, मध्ये श्वास न तोडता, बोलता आलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात वाटेल की हे काहीच नाही. वाटू द्या.

दर चौथ्या आठवड्यात सेट निम्मे. वजन तेच.

आता ताकद दमाला कशी मदत करते ते आकड्यात. समजा स्पर्धेत ६० किलोचे ३० क्लीन आहेत. तुमचा एकच जास्तीत जास्त क्लीन ७० चा असेल तर प्रत्येक रेप ८६ टक्क्यांचा. तुम्ही दर रेपनंतर बार खाली ठेवून श्वास घ्याल आणि लोकांना वाटेल याला दम नाही. तोच क्लीन ९० चा झाला तर तेच ६० किलो ६७ टक्के. फुप्फुसं तीच, पण तुम्ही थांबणार नाही. जानेवारीत तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उभे राहिलात त्यातलं काही दम संपल्यामुळे असेल, पण त्याआधी डेडलिफ्टला पाठ पूर्ण पिळून निघाली होती, हेही विसरू नका.

उलट, हायरॉक्सच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर तराजू दुसरीकडे झुकतो. तिथे एक-एक किलोमीटर धावणं आठ वेळा आणि प्रत्येकानंतर एक स्टेशन: स्लेज (वजन ठेवलेली घसरगाडी) ढकलणं, ओढणं, रोईंग, लंजेस (गुडघा टेकवत पावलं टाकणं), शेवटी वॉल बॉल (जड चेंडू भिंतीवर फेकणं). पुरुषांच्या ओपन गटात ढकलायची स्लेज १५२ किलोची. स्क्वॉट १३० असो की १६०, फारसा फरक पडत नाही. पण ८ किमी धावणं कच्चं असेल तर कुठलीच ताकद वाचवत नाही. म्हणून आपली स्पर्धा नेमकं काय मागते ते आधी कागदावर लिहा.

महालचा_आखाडा | १२ मार्च, सकाळी ६:२०

मी ६४ वर्षांचा. लहानपणापासून आखाड्यात. आजच्या मुलांना हे नवीन वाटतं म्हणून लिहितो. आमचे वस्ताद सकाळी आणि संध्याकाळी अशी दोन वेळांत मेहनत घेत. एका वेळेला कुस्ती, दुसऱ्या वेळेला जोर-बैठका आणि मुद्गल. मधे जेवण आणि झोप. दोन्हींची सरमिसळ करू देत नसत. आणि कुस्तीसुद्धा रोज पूर्ण ताकदीनं नाही, रोज तसं लढलं तर पोरगं मैदानाच्या दिवशी रिकामं होतं, असं म्हणत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. आपल्या विदर्भात हे ज्ञान जुनं आहे, त्याची लाज बाळगू नका.

दुपारची झोप नोकरीवाल्याला शक्य नाही हे मला समजतं. मग मेहनत तेवढी कमी करा.

मैदानकर | १२ मार्च, सकाळी ९:००

काका, नमस्कार. आजचे अभ्यासही तेच म्हणतात. ताकद आणि दम एकाच दिवशी करायचे तर मध्ये किमान सहा तास ठेवा.

शाळेतली_मॅडम | १२ मार्च, रात्री ८:४५

बायकांच्या बाजूनं थोडं लिहिते, कारण अशा धाग्यांत ते राहून जातं.

मी ४३ वर्षांची, प्रतापनगरला राहते, शाळेत शिकवते, ३५ वरच्या गटात स्पर्धा करते. दोन वर्षांपूर्वी माझाही दम असाच संपला होता. जिना चढून वर्गात गेले की फळ्याकडे तोंड करून दोन मिनिटं उभी राहायची, मुलांना कळू नये म्हणून. मला वाटलं मेहनत कमी पडते. सकाळचं धावणं वाढवलं. अजून बिघडलं. शेवटी बहिणीनं जबरदस्तीनं रक्त तपासायला नेलं, हिमोग्लोबिन ९.४. इतके महिने मी स्वतःला आळशी म्हणत होते.

देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे आपल्या बॉक्समधल्या प्रत्येक दुसऱ्या बाईचा "दम" खरं तर लोहाचा प्रश्न असू शकतो. कार्यक्रम बदलण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. मला हा चहा सोडणं सगळ्यात जड गेलं.

दुसरं खाणं. मी शाकाहारी. वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं म्हणजे मला ६२ किलोला साधारण १०० ग्रॅम. वरण-भात-पोळीत ते होत नाही, मी वहीत लिहून पाहिलं, ४५ च्या वर जात नव्हते. आता सकाळी तर्री पोह्यातली तर्री चण्याची जास्त आणि पोहे कमी, दुपारच्या डब्यात ५० ग्रॅम सोयावडीची भाजी, त्यातच २५-२६ ग्रॅम येतात, संध्याकाळी दही आणि मूठभर शेंगदाणे, रात्री घट्ट तुरीचं वरण आणि पनीर. तरी कमी पडलं तर दुधात पावडर. आणि भाताला घाबरू नका. कर्बोदकं कापून जोरात रोईंग होत नाही, मी करून पाहिलंय.

वर्धारोडकर दादा, तुमची साडेपाच तासांची झोप मला तुमच्या स्क्वॉटपेक्षा जास्त खटकते. आठवड्यातले दोन दिवस सकाळचा क्लास सोडा आणि झोपा.

सांधेसोबती | १३ मार्च, रात्री १०:१०

मी फिजिओथेरपिस्ट. चर्चा उत्तम चालली आहे, पण मार्च अर्धा होत आला म्हणून उन्हाबद्दल लिहिणं भाग आहे.

आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले. ४५ च्या आसपास तर बहुतेक वर्षी जातंच. अनेक बॉक्स पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, संध्याकाळी ६ ला पत्रा दिवसभराची उष्णता खाली सोडत असतो. तशा शेडमध्ये शनिवारचा जोराचा दिवस संध्याकाळी करू नका, पहाटे करा. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात त्याच वेगाला नाडी जास्त जाते. आकडे बिघडले म्हणून मेहनत वाढवू नका. जुलैत पाऊस आला की गार वाटतं, पण दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून नाडी परत चढते. त्यालाही दोन आठवडे द्या.

एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कैरीचं पन्हं मीठ घालून चालतं, ताकही. नुसतं पाणी लिटर लिटर पिऊ नका.

कोणी व्यायाम करता करता बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो थकलेला नाही, तो उष्माघात समजा. आधी थंड पाण्यात भिजवा, बर्फ लावा, त्याच वेळी १०८ ला फोन. गाडीची वाट बघत कोरडा ठेवू नका. आणि खूप दिवसांनी येऊन एकदम शेकडो पुलअप-स्क्वॉट केल्यावर दोन दिवसांनी लघवी चहाच्या रंगाची झाली, दंड सुजून वाकेनासे झाले, तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. स्नायू फुटून त्यातला पदार्थ मूत्रपिंडात अडकतो. असे दोन तरुण मी पाहिलेत. दोघंही तंदुरुस्तच होते, फक्त सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जुन्या आकड्याला भिडले.

वर्धारोडकर | १३ मार्च, रात्री ११:००

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यापासून मैदानकर सरांनी सांगितलं तसं. आठाच्या ठिकाणी पाच वेळा. जूनअखेरीस येऊन खरं खरं लिहीन, काहीही झालं तरी.

वर्धारोडकर | २९ जून, रात्री ९:५५

लिहायला आलो.

पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. शरीर ठीक होतं, मनाला त्रास झाला. बॉक्समधल्या फळ्यावर माझं नाव नव्हतं. सगळे जमिनीवर पडून धापा टाकतायत आणि मी कोपऱ्यात दोन सेटच्या मध्ये बाकावर बसलोय. एकानं विचारलंही, दुखापत झाली का. आमच्या कोचलाही आधी पटलं नाही, मग मी हा धागा दाखवला, तेव्हा ते म्हणाले करून बघ.

एप्रिलच्या शेवटी नाडी ६० वर आली. मेमध्ये एक दिवस ११५ चे तीन रेप झाले, जे चौदा महिने एकदा उचलायला जीव जात होता. या शुक्रवारी १२७.५ एकदा. डेडलिफ्ट १६० ला पाठ सरळ राहिली. क्लीन ७५ वरून ८५.

झोप अजून साडेसहा. सातवर गेली नाही. मुलीला झोपवायचं काम बायकोनं तीन दिवस स्वतःकडे घेतलं, त्याबदल्यात दोन सकाळी डबा मी करतो. हा बदल कुठल्याच कार्यक्रमात लिहिलेला नसतो, पण माझ्यासाठी सगळ्यात मोठा तोच ठरला.

दम किती उतरला बघायचं होतं म्हणून काल रोईंगवर २ किमी केले. मार्चमध्ये ७:५२ होते, काल ७:४९. धावण्याची चाचणी घेतलीच नाही, ४० अंशात काय कळणार.

लोखंडप्रेमी | २९ जून, रात्री १०:१५

जबरदस्त भाऊ! मी पण मार्चपासून आठवड्यात एक दिवस सायकल सुरू केली. खोटं नाही सांगत, सेटमधला आराम कमी लागतो आता.

मैदानकर | ३० जून, सकाळी ८:३०

मन लावून केलंत. आता पुढचं. जुलै-ऑगस्ट ताकद तीन दिवसच, पण तिसऱ्या दिवशी जड व्यायामानंतर पंधरा मिनिटं स्पर्धेसारखं काहीतरी जोडा, म्हणजे थकलेल्या हातांनी बार धरायची सवय होईल. सप्टेंबरच्या शेवटी उलट फिरा. ताकद दोन दिवस, प्रत्येकी ३५ मिनिटं, तीन सेट तीन रेप, ८५ टक्क्यांच्या आसपास. वजन उतरवायचं नाही, सेट उतरवायचे. उरलेल्यात दोन जोराचे दिवस, दोन हलके. जोराचा एक सेमिनरी हिल्सच्या चढावर घ्या, चढावर वेग कमी असतो म्हणून गुडघ्यांना कमी त्रास आणि फुप्फुसांना पुरेपूर काम.

वर्धारोडकर | १६ डिसेंबर, रात्री १०:४०

रविवारी स्पर्धा झाली.

४२ जणांत १३ वा. जानेवारीत ३८ जणांत ३१ वा होतो. डेडलिफ्टच्या फेरीत १६५ उचलला, १७० जमिनीवरून हलला पण गुडघ्याच्या वर आला नाही. सोडून दिला, पाठ सरळ असतानाच. शेवटच्या फेरीत पुन्हा रोईंग आणि बर्पीच होत्या, सोबत ५० किलोचे क्लीन. मी थांबलो नाही. हळू होतो, पण एकदाही गुडघ्यावर हात टेकले नाहीत.

चूक एक झाली. नोव्हेंबरात हवा इतकी सुंदर होती की तीन आठवडे हलके दिवस हलके ठेवले नाहीत, ग्रुपबरोबर परत पळत सुटलो. नाडी पुन्हा ६४ झाली, पोटरी धरली. सांधेसोबती यांना फोन करून दहा दिवस सायकलवर काढावे लागले. ते झालं नसतं तर पहिल्या दहात आलो असतो का, माहीत नाही, पण ५ किमी २५:५० वरून अजून खाली गेले असते असं वाटतं.

शाळेतली_मॅडम | १६ डिसेंबर, रात्री १०:५८

अभिनंदन दादा. मी प्रेक्षकांत होते, शेवटच्या फेरीत तुमच्या नावानं ओरडत होते. तुम्हाला ऐकू गेलं नसेल.

महालचा_आखाडा | १७ डिसेंबर, सकाळी ६:०५

शाब्बास. पाठ सरळ असताना बार सोडला, हे मला १३ व्या नंबरापेक्षा आवडलं.

इतवारीचा_नवा | १८ डिसेंबर, रात्री ९:२०

सगळा धागा आत्ता वाचून काढला. मी २६ वर्षांचा, दुकानात बारा तास उभा असतो, सहा महिन्यांपासून जिम. मलाही धावायला सुरुवात करायची आहे, पण तुमच्या ग्रुपबरोबर मी दोन किलोमीटरमध्ये मागे पडेन.

वर्धारोडकर | १८ डिसेंबर, रात्री ९:४५

मागे पडणार नाहीस. रविवारी सकाळी ६ ला अंबाझरीच्या बांधाजवळ ये, पातळ स्वेटर घालून, पहिले दहा मिनिटं गार लागेल. मी त्या ग्रुपबरोबर नसतो आता. मी आणि लोखंडप्रेमी दोघं जण किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगानं जातो आणि सगळा वेळ बोलत असतो. तुझं बोलणं तुटायला लागलं तर आम्ही हळू होऊ.